इंजिनाचे तीन आकडे



ज्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, मराठ्यांचा राज्यकारभार आणि सहकारी चळवळ यांसारख्या प्रतिष्ठित विषयांचा ऊहापोह झाला, तेथे मोटारीच्या इंजिनाविषयी बोलण्यास कोणी उभे राहावे हे काही श्रोत्यांस औचित्याला सोडून वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपले उभे आयुष्य तंत्रविद्यालयातील विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्र शिकविण्यात वेचले, आणि एखादे सूत्र व्यवहारात कोठे भेटते हे सांगितल्यावाचून ते फळ्यावर मांडावयाचे नाही असा त्यांचा शिरस्ता होता. तेव्हा त्यांच्या स्मृतीस साजेल असाच विषय मी निवडला आहे असे मानून आपण सबुरीने ऐकून घ्याल, अशी आशा करतो.

आजच्या विषयाची व्यवहारातील जागा शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. वर्षानुवर्षांची शिल्लक घेऊन एखादा गृहस्थ मोटारीच्या दुकानात शिरतो, आणि तेथील तरुण विक्रेता त्याच्यापुढे सीसी, हॉर्सपॉवर व टॉर्क असे तीन आकडे एका दमात ठेवतो. गृहस्थ मान डोलावतो, आणि मग ज्याचा अर्थ त्याला पक्का ठाऊक आहे असा एकच प्रश्न विचारतो : ‘ॲव्हरेज किती देते?’ त्या तीन आकड्यांपैकी सीसीचा आकडा पुढे नोंदणीच्या दाखल्यावर चढतो आणि त्रयस्थ विम्याचा हप्ताही त्याच्यावरूनच ठरतो, कारण १००० सीसीपर्यंत, १५०० सीसीपर्यंत आणि त्यापुढे अशा पायऱ्या विम्याच्या दरपत्रकात मुक्रर आहेत. आणि तरीही हे आकडे परस्परांशी कोणत्या नात्याने बांधलेले आहेत याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. टॉर्क श्रेष्ठ की अश्वशक्ती, असा वाद मात्र हौसेने घातला जातो. माझे म्हणणे असे की हा वादच अप्रस्तुत आहे, कारण टॉर्कला वेगाने गुणिले की अश्वशक्ती होते, आणि हा वेग, म्हणजे मिनिटाला किती फेरे, हे सांगितल्याखेरीज त्या दोहोंपैकी कोणताही आकडा अर्धाच राहतो.

अश्वशक्तीची कूळकथा प्रथम पाहू, कारण ती व्यापाराच्या पोटी जन्मली. जेम्स वॅट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन हे कॉर्नवॉलच्या खाणींना पाणी उपसण्याची वाफेची इंजिने पुरवीत, तेव्हा त्यांचा मोबदला जुन्या न्यूकोमेन पद्धतीच्या इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल त्याच्या किमतीच्या एक-तृतीयांश इतका असे. हा हिशेब चोख होता, पण १७८० नंतर जेव्हा फिरत्या चाकाची इंजिने गिरण्यांना आणि मद्य गाळणाऱ्या कारखान्यांना विकण्याची वेळ आली तेव्हा तो निरुपयोगी ठरला, कारण या नव्या गिऱ्हाइकांपाशी जुने इंजिन नव्हते. होते ते घोडे. किती घोड्यांची सुटी होईल, हाच त्यांचा प्रश्न होता. तेव्हा वॅटने गिरणीच्या घोड्याचा हिशेब मांडला : १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरणारा घोडा १८० पौंडांच्या जोराने ओढतो आणि तासाला १४४ फेरे पुरे करतो. याचा गुणाकार मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड येतो. तो सरसकट ३३,००० धरण्यात आला आणि आजतागायत तोच कायम आहे. सामान्य घोडा दिवसभर इतके काम रेटू शकत नाही असे पुढे पुष्कळांनी दाखवून दिले. परंतु इंजिन विकत घेणाऱ्याला अपेक्षेपेक्षा कमी मिळाले अशी तक्रार करण्यास जागा उरू नये, ही दक्षता त्यात आपोआप साधली गेली, आणि ती वॅटसारख्या सावध स्कॉच माणसाला नापसंत असेल असे मला वाटत नाही.

हा घोडा आपल्याकडील तेलाच्या घाण्याच्या बैलाचा सख्खा भाऊ आहे, आणि टॉर्क म्हणजे काय हे समजून घेण्यास घाण्याइतके चांगले साधन नाही. मधल्या खोडापासून बैल जितका दूर जुंपावा तितके त्याचे ओढणे खोडाला अधिक जोराने पिळते. ओढीचा जोर आणि खोडापासूनचे अंतर यांचा गुणाकार म्हणजेच टॉर्क, ज्याला शास्त्राच्या पुस्तकात परिबल म्हणतात. त्यात काळाला स्थान नाही. बैल दिवसभरात एक फेरा घालो की हजार, खोडावरचा पीळ तेवढाच. आणि बैल नुसताच ताणून उभा राहिला, खोड तसूभरही हलले नाही, तरी पीळ आहेच, मात्र तेल एक थेंबही निघणार नाही.

आता वॅटच्या घोड्याचा टॉर्क काढा : १८० पौंड गुणिले १२ फूट, म्हणजे २१६० फूट-पौंड, आजच्या मापात सुमारे २९०० न्यूटन-मीटर. ज्या मोटारीने या देशातील मध्यमवर्गाला प्रथम चाकांवर बसविले त्या मारुती ८०० चा अधिकतम टॉर्क होता ५९ न्यूटन-मीटर, म्हणजे मीटरभर लांबीच्या पहारीच्या टोकाला सहा किलोचे ओझे टांगले असता जो पीळ बसेल तेवढा! एका घोड्याने सदतीस अश्वशक्तीच्या इंजिनाला टॉर्कच्या बाबतीत जवळजवळ पन्नास पटींनी मागे टाकले. पण घोड्याचे फेरे मिनिटाला अडीचही भरत नाहीत आणि मारुतीचा टॉर्क २५०० फेऱ्यांवर मिळतो, अश्वशक्ती तर ५००० फेऱ्यांवर. सारा फरक तेथे आहे.

घोड्याचे उदाहरण कोणास अतिरेकी वाटत असेल तर विहिरीवरचे इंजिन घ्या. इंग्लंडातील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीने १९२९ पासून जी एका सिलिंडरची मंदगती डिझेल इंजिने काढली त्यांच्या नमुन्यावरची इंजिने आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी बनू लागली, आणि त्यांचा घुमणारा, एकेक ठोका मोजता यावा असा आवाज वीज येण्यापूर्वी आणि आल्यावरही शिवारांतून ऐकू येत असे. या मालिकेतील सहा अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते, त्याची घनक्षमता सुमारे १४३० सीसी आहे, आणि सहा अश्वशक्तीला साडेसहाशे फेऱ्यांनी भागून जो टॉर्क निघतो तो ६५ न्यूटन-मीटरच्या वर जातो. म्हणजे आकार मारुतीच्या पावणेदोन पटींहून अधिक, टॉर्क थोडा सरस, आणि अश्वशक्ती एक-षष्ठांश! ज्यांना टॉर्कच श्रेष्ठ वाटतो त्यांनी हे इंजिन मोटारीत बसवून पुण्याहून मुंबईस जाऊन पाहावे. जातील, पण परतीचा मुहूर्त आधी काढू नये.

यावर कोणी विचारील की जर टॉर्क इतका कमी, तर मारुती चढ चढत असे ती कशी. याचे उत्तर गिअरपेटीत आहे, आणि मला या विषयातील सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. दात्यांची चाके टॉर्क वाढवून देतात आणि त्याच प्रमाणात फेरे कापून घेतात. जेथे घर्षणाची वजावट सोडली तर जमा आणि खर्च यांचा मेळ कधी चुकत नाही असे दुसरे दप्तर मला ठाऊक नाही. टॉर्क हवा तितका वाढवून मिळतो. अश्वशक्ती मात्र गिअरपेटीतून रतिभरही वाढत नाही. चार माणसांसह मारुतीचे वजन ढोबळ मानाने १००० किलो धरा आणि दहास एक असा घाटातील चढ धरा. केवळ वजन वर ओढण्यासाठी चाकांशी १०० किलोंची ओढ हवी. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क चाकांपाशी जेमतेम चौपट होतो, आणि चाकाची त्रिज्या पाव मीटर असल्याने ओढ भरते ती शंभर किलोंच्या अलीकडे-पलीकडे. वारा आणि टायरांचे घर्षण यांना द्यावयास काहीच उरत नाही. गाडी दम टाकते, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी सांगते, ‘अहो, तिसरा टाका.’ तिसऱ्यात टॉर्क सहापट होतो, ओढ दीडशेच्या घरात जाते, इंजिन आपल्या आवडत्या तेवीसशे फेऱ्यांच्या आसपास घुमू लागते आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरने निमूटपणे वर चढते. पहिल्या गिअरमध्ये हाच टॉर्क पंधरापट होतो.

तेव्हा चढ चढेल की नाही हे गिअर ठरवितो. तो किती वेगाने चढेल हे अश्वशक्ती ठरविते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. १०० किलोंची ओढ १० मीटर, म्हणजे सेकंदाला १००० किलोग्रॅम-मीटर. आणि मेट्रिक अश्वशक्ती ७५ किलोग्रॅम-मीटरांची असल्याने भागाकार येतो सव्वातेराच्या वर. त्याच चढावर ताशी ७२ चा वेग हवा असेल तर सव्वीसहून अधिक अश्वशक्ती निव्वळ चढाला लागेल, वाऱ्याचा हिशेब निराळाच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी सुटली, तिच्या काळातील बेडफर्ड गाड्यांच्या चालकांपासून ते आजच्या ट्रकवाल्यापर्यंत, ज्यांनी सूत्र कधी पाहिले नाही त्यांच्या डाव्या हाताला हे गणित पाठ असते. घाटाच्या पायथ्याशीच ते गिअर उतरवितात, वर जाऊन नव्हे.

आता घनक्षमता. दट्ट्या सिलिंडराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकताना जेवढी जागा मोकळी करतो, तिला सिलिंडरांच्या संख्येने गुणिले की सीसीचा आकडा मिळतो. मारुतीचा व्यास ६८.५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७२ मिलिमीटर आणि सिलिंडर तीन, म्हणून ७९६. ही जागा हवेसाठी आहे. इंधन कितीही ओतता येते, पण एक भाग पेट्रोल पुरते जाळण्यास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते, आणि ती हवा इंजिनात किती शिरेल यावर प्रत्येक स्फोटाचा जोर, म्हणजेच टॉर्क, अवलंबून राहतो. समुद्रसपाटीला लिटरभर हवेचे वजन एक ग्रॅमहून थोडे जास्त. लेहसारख्या ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी ती सुमारे एक-तृतीयांशाने विरळ होते, आणि खाली धावणारी गाडी तेथे कुरकुरू लागते, दोष इंजिनाचा नसताना. वेग वाढला तरी अडचण हीच : मिनिटाला ६००० फेऱ्यांवर हवा आत घेण्यास दट्ट्याला सेकंदाचा दोनशेवा हिस्सा मिळतो, तेवढ्यात सिलिंडर पुरा भरत नाही, आणि टॉर्क उतरू लागतो. मारुतीचेच पाहा : २५०० फेऱ्यांवर ५९ न्यूटन-मीटर, ५००० वर सुमारे ५३, पण फेरे दुप्पट झाल्याने अश्वशक्ती एकवीसच्या आतबाहेरून सदतीसवर गेली. आणखी पुढे टॉर्क इतक्या झपाट्याने घसरतो की फेऱ्यांची वाढ ती तूट भरून काढीत नाही. अधिकतम अश्वशक्तीचा बिंदू म्हणजे ही तडजोड जेथे मोडते ती जागा.

म्हणून मोठे इंजिन सामान्यतः अधिक टॉर्क देते हे खरे, पण ते अधिक अश्वशक्ती देईलच असे नाही. १९७६ सालच्या कॅडिलॅक एल्डोराडोचे इंजिन ८.२ लिटरांचे होते आणि त्याची अश्वशक्ती १९०. होंडाच्या एस २००० या गाडीच्या दोन लिटरांच्या इंजिनाने पुढे अमेरिकेत २४० दिली, आणि तीही हवा कोंबणाऱ्या पंख्यावाचून, केवळ ८३०० फेरे पचविण्याच्या बळावर. हा पंखा म्हणजे टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि त्याने सीसीच्या आकड्याची उरलीसुरली प्रतिष्ठाही डळमळीत केली, कारण दाबून भरलेली हवा जागेपेक्षा जास्त मावते.

येथे यंत्रशास्त्र सोडून थोडे महसुलाकडे वळतो; सरकारने या आकड्यांपैकी एखादा निवडून त्यावर कर बसविला की अभियंते काय करतात, याची कथा उद्बोधक आहे. इंग्लंडात विसाव्या शतकाच्या आरंभी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या सूत्राने अश्वशक्ती ठरवीत : सिलिंडराच्या व्यासाचा इंचांतील वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. दट्ट्याच्या धावेचा त्यात उल्लेखच नव्हता. १९२१ पासून दर अश्वशक्तीमागे एक पौंड वार्षिक कर सुरू झाला, आणि फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा कागदावरचा हिशेब साडेबावीस भरला, जरी तिचे खरे इंजिन वीसच देत असे. मालकाला नसलेल्या घोड्यांचाही सारा भरावा लागला! उलट ऑस्टिन सेव्हनचा व्यास २.२ इंच आणि धाव ३ इंच, म्हणून कागदावर पावणेआठ. कर व्यासावर, धाव मोफत. अशा स्थितीत कोणता कारखानदार धाव लांबविणार नाही? अरुंद आणि उंच सिलिंडरांची एक पिढीच्या पिढी तेथे जन्मली, जी सावकाश फिरताना गोड पण वेगात लवकर थकणारी होती, कारण लांब धावेच्या दट्ट्याला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर धावावे लागते. ही करपद्धती दुसऱ्या महायुद्धानंतर गेली, पण वळण सहज जात नाही : आपल्या अँबॅसडरमध्ये जे ब्रिटिश कुळीचे १४८९ सीसीचे इंजिन दीर्घकाळ चालले त्याचा व्यास ७३ मिलिमीटर आणि धाव जवळजवळ ८९, आणि त्या प्रमाणात मला तरी त्या जुन्या कराची छाया दिसते.

आपण त्यातून काही शिकलो असे म्हणवत नाही. २००६ च्या अंदाजपत्रकात चार मीटरांहून कमी लांबीच्या आणि पेट्रोलवर १२०० किंवा डिझेलवर १५०० सीसीच्या आतील मोटारींवरील अबकारी २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आली, आणि बाजारात ११९७, ११९९, १४९३, १४९८ अशा, कुंपणाला अंग चोरून उभ्या राहिलेल्या इंजिनांची रांग लागली. काही गाड्यांच्या डिक्क्याही याच फर्मानाने आखूड केल्या. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी थांबविली, तेव्हा तर महिंद्र कंपनीने आपले २.२ लिटरांचे इंजिन थोड्याच दिवसांत १.९९ लिटरांवर आणून दाखविले. एक्सयूव्ही ५०० या गाडीत अश्वशक्ती पूर्वीप्रमाणेच १४०! हुकमाची तामिली झाली. दिल्लीच्या हवेत त्यामुळे काय फरक पडला असेल याचा विचार ज्याने त्याने करावा. पुढील ऑगस्टमध्ये एक टक्का अधिभार घेऊन ती बंदी उठली.

जाहिरातीतील अश्वशक्तीविषयीही एक सावधगिरीची सूचना देतो. इंजिनाची अश्वशक्ती थेट मोजता येत नाही. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये फिरत्या दांड्यावर ब्रेक आवळून टॉर्क मोजण्याची युक्ती काढली, आणि आजच्या चाचणीच्या यंत्रातही मोजतात टॉर्क व फेरे, अश्वशक्ती ही नंतर वहीत गुणाकाराने उतरते. टॉर्क फूट-पौंडांत असेल तर फेऱ्यांनी गुणून ५२५२ ने भागावे; त्यामुळे त्या मापातील दोन्ही आलेख ५२५२ फेऱ्यांवर एकमेकांना छेदतात, आणि काही उत्साही मंडळी त्या छेदाला गूढ अर्थ चिकटवितात; मापे बदला, छेद दुसरीकडे जातो. मोजताना इंजिनाला पंखा, जनित्र, धुराड्याची नळी जोडलेली होती की नाही यावरही आकडा हलतो : अमेरिकेतील कारखाने १९७१ पर्यंत हे सारे काढून टाकून मोजीत, १९७२ पासून सर्व जोडून मोजू लागले, आणि पुष्कळ गाड्यांची अश्वशक्ती छपाईत रातोरात कोसळली, रस्त्यावर त्या जशा होत्या तशाच होत्या.

राहता राहिली विजेची मोटार, आणि तिने या साऱ्या मामल्यात नवे कलम घातले आहे. तिची मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पुरा टॉर्क देते, म्हणून बहुतेक गाड्यांना एकच गिअर पुरतो. आणि तिला दट्ट्या नसल्याने सीसी उरलेलेच नाही, म्हणून जी दप्तरे सीसीवर बेतली होती त्यांना दुसरे माप शोधावे लागले. सोळा वर्षांच्या मुलाला ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना देणारा कायदा विजेच्या दुचाकीपुरता २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा घालून, तिच्या आतील गाडीला नोंदणीतून सूट देतो. विजेच्या मोटारीचा त्रयस्थ विमाही आता ३० किलोवॅट, ६५ किलोवॅट आणि त्यापुढे अशा पायऱ्यांनी आकारला जातो. अश्वशक्तीला नुसते निराळे वस्त्र मिळाले आहे, आणि ही निवड मला सीसीपेक्षा पुष्कळ शहाणपणाची वाटते. मात्र विजेची मोटर काही सेकंद जी शक्ती देते ती अर्धा तास देऊ शकत नाही, कारण तिचे वेटोळे तापते, आणि म्हणून तिचे दोन आकडे असतात, एक क्षणभराचा व दुसरा तीस मिनिटे टिकणारा. पुढच्या वेळी तो तरुण विक्रेता किलोवॅटचा आकडा सांगेल, तेव्हा यांपैकी कोणता, एवढे त्याला अवश्य विचारावे.